देठासकट

नवतपा लागलाय. बाहेर शेहेचाळीस.
गोधनीची काळी जमीन अशी फाटलीय
की चप्पल जाईल आत.
मी कूलरसमोर फतकल मारून
रद्द झालेल्या पार्सल-पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर
हिवाळा आखतोय.

"अव बाप्पा, एवढ्या उन्हात काय लिहून राहिले तुम्ही?"
"फुलं."
"कुठी हायेत फुलं?"
"डिसेंबरात."
कुमुद मान पुसते पदरानं,
खसच्या ताटीवर तांब्याभर पाणी मारते.
पहिला वाफा भिजतो.

एकतीस वर्षं अजनीच्या पार्सल खिडकीत काढली.
झेंडूच्या करंड्या, शेवंतीची बोचकी,
ओल्या गोणपाटाला चिठ्ठी, तिच्यावर निळ्या पेन्सिलीनं: नाशवंत.
तेवढा एक शब्द माझ्या अक्षरात
गोंदिया, बल्लारशा, इटारसीपर्यंत फिरून आला.
त्या फुलांना देठ नव्हते.
देवाला देठ लागत नाही,
हाराला लागत नाही,
तिरडीला तर नाहीच.
म्हणून आपल्यात फूल खुडतात, तोडतात, वेचतात.
कापत कुणी नाही.
कापायची ती भाजी.

आणि सीताबर्डीच्या फूलबाजारात हा हंसराज निखाडे
देठ कोपरापासून मोजतो,
फुलाकडं बघतही नाही.
"करंगळीएवढा कमी भरला ना काका,
तर डेकोरेशनवाला घेत नाही."

तर उलटं मोजायचं.
मेश्रामांच्या सुजाताचं लग्न चौदा डिसेंबरला.
त्यातून ग्लॅडिओलसचे ऐंशी दिवस वजा,
थंडी लवकर पडली तर म्हणून आणखी पाच.
वीस सप्टेंबर, कंद जमिनीत.
अ‍ॅस्टर ऑगस्टात, ट्रेमध्ये, पत्र्याखाली.
शेवंतीची कलमं जूनअखेर,
आणि सगळं गादीवाफ्यावर, वीतभर उंच,
कारण हीच फाटलेली माती जुलैत
पाय धरते ती सोडत नाही.
निशिगंध मात्र आत्ताच. या आठवड्यात. ऊन उतरल्यावर.

ग्लॅडिओलसचे कंद फ्रिजात आहेत,
भाजीच्या खणात, कांद्याच्या जाळीत.
गेल्या साली कुमुदनं एक चिरला पोह्यांसाठी,
वास घेतला,
काही न बोलता ओट्यावर ठेवून दिला.
तो अर्धा मी लावला तरी.
आला.
वाकडा आला, पण आला.

निखाडे सांगतो, खालच्या एका कळीनं रंग दाखवला
की कापायचं, पहाटे, दव असताना.
बाकीचं फुलणं दुसऱ्याच्या घरी.
पहिल्या वर्षी मला जमलंच नाही.
कात्री घेऊन उभा राहायचो आणि परत यायचो,
तीन दिवसांत वाफाच्या वाफा उमलला.
कुमुद म्हणाली, "कसं छान दिसून राह्यलं."
निखाडे म्हणाला, "आता ढोराईले टाका."

अकरा ओळी झाल्या आखून.
बारावीत काय घालावं म्हणून थांबलो
तर तिनं पेन्सिल ओढून घेतली,
चष्मा नसताना, मोठ्या अक्षरात लिहिलं:
ही माझी.
काय लावणार, विचारलं. बोलली नाही.
किती दिवसांचं आहे ते तरी सांग,
मागून मोजावं लागतं ना.
"हे नका मोजू," म्हणाली,
"अन् कात्री इकडं आणू नका."

कूलरमधलं पाणी संपलंय, पंप कोरडा किरकिरतो.
मी उठतो बादली भरायला.
परत येतो तर कागद उडू नये म्हणून
तिनं त्यावर निशिगंधाचा एक कंद ठेवलाय,
शेंडा वर.
थोडी माती सांडलीय
बाराव्या ओळीत.