खोकून दाखवा

स्वान्सीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
ग्लेनिस नावाची बाई प्रोबला हातमोजा चढवते.
जेल कोमट करून ठेवलेलं. एवढी माया पुरे आहे मला.

अभ्यासात माझा नंबर सदतीस.
नाव विचारत नाहीत.
बाळंतपणं किती, बाळांची वजनं किती, ते विचारतात.
"आता खोका."

पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक काळा थेंब:
माझं मूत्राशय. त्याची मान
खोकल्यासरशी खाली येते,
कडी निसटलेल्या दारासारखी.
ग्लेनिस दोन फुल्या मारते, मधलं अंतर मोजते.
एकवीस मिलिमीटर.

एकवीस.
म्हणजे अकरा वर्षं काळीच सलवार,
कुठल्याही दुकानात शिरताना आधी संडास हेरणं,
नीरजाच्या लग्नात नाचायला ओढलं तर
"गुडघा दुखतो" म्हणणं.
गुडघा बिचारा ठणठणीत.

आई शिंकताना दाराची चौकट धरायची.
मला वाटायचं, सवय.

"पुन्हा एकदा, जोरात."
मी खोकते.
शिंक मात्र तिला येते,
आणि ग्लेनिस, प्रोब तसाच धरून,
उभ्या उभ्या पायाला पायाची अढी घालते.

चित्र हललं होतं.
ते तिनं पुसून टाकलं. दोघी
काही बोललो नाही.