किल्ली

औसा लांबून दिसतं.
किल्ला दिसत नाही.
चारी अंगांनी उंचवटा, अन् मधल्या खोलगटात तो,
परातीत मळून झाकून ठेवलेल्या पिठासारखा.
खंदकाच्या काठाशी आलं
की माणूस म्हणतो, अगं बाई, हितंच होता व्हय!

तीबी तसंच म्हणाली असंल, तिच्या भाषेत.
लातूरच्या बसनं आली, बूट धुळीनं भरलेले,
संगट शिवनंदा, कॉलेजची, दुभाषी.
दाराला कुलूप. मी घरी, जेवायला.
टपरीवाल्यानं सांगितलं, मैनोद्दीनमामूकडं जा,
दुसरी गल्ली, पत्र्याचं घर.

मेहरून भाकरी थापत होती.
पिठाच्या हातानंच तिनं
डब्याशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली
अन् बाईच्या हातात ठेवली.
बाई किल्लीकडं बघतच राहिली.

मग उंबऱ्यावरच बसली. मोबाईल काढला.
तिचं गाव. टेकडी, टेकडीवर किल्ला,
खाली चार गल्ल्या, मेंढरं.
गावाचं नाव दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा माझ्या जिभेवरून घसरलं.
शिवनंदा म्हणाली, मामू,
ह्यांच्या किल्ल्याची किल्लीबी पाववाल्याच्या घरी असायची.
म्हंजे हिच्या आईकडं. भट्टीजवळ, खिळ्याला.
येणाऱ्यानं मागून न्यायची,
जाताना आणून द्यायची,
जमलं तर एक पाव घ्यायचा.

मेहरून म्हणाली, आई हाये का?
शिवनंदानं ते तिकडं सांगितलंच नाही.
बाईला तरी कळलं. मान हलवली.
मेहरूननं तव्यावरची भाकर उलथायला
जरा जास्तच येळ लावला.

तोफा दाखवल्या मी. बारव दाखवली.
वटवाघळांचा वाससुद्धा दाखवला.
कोणता सुलतान कधी आला ते पाठ हाये,
ते म्हणून दाखवलं.
ती बुरुजावर उभी राहून पत्रे मोजत होती.
बोट करून विचारलं, ते तुमचं?
व्हय.

हत्तींनी धडक देऊ नये म्हणून
दाराला हे एवढाले खिळे ठोकले कुणी कुणी.
अन् किल्ला राहिला एका खिळ्यावर,
हितंबी, तितंबी.

वहीत शेऱ्याच्या रकान्यात तिनं दोन ओळी लिहिल्या.
शिवनंदालाबी वाचता आल्या नाहीत.

आता सहाला कुलूप लावून आलो
की मेहरून म्हणते, तिकडं दीड वाजला असंल.
कधी म्हणते, पाव संपले असतील.

कुलूप जड चाललंय.
तेलासाठी खात्याला अर्ज दिलाय, दोन महिने झाले.
तोवर करडीचे दोन थेंब
तीच सोडते, फोडणीआधी.