मीठ आणायला

सिमरोल मागे पडलं, भेरूघाट उतरलो,
मागच्या सीटवरून नातीनं तिसऱ्यांदा विचारलं, आलं का?
डिकीत कंड्यांचं पोतं
वळणावळणाला पातेल्याशी भांडत होतं.

चोरल जानेवारीत असते तेवढीच होती.
दगड जास्त, पाणी मोजकं,
पण मोजकं पाणी बोलतं फार.
साडूंनी अर्जुनाखाली सतरंजी टाकली
आणि लगेच तिच्यावर झोपून तिची मजबुती तपासली.
जावयानं कंडे रचले, विझवले, पुन्हा रचले,
यूट्यूबवर तर सोपं दिसतं, म्हणाला बिचारा.
बाफले निखाऱ्यात गेले. डाळ उकळली.
आणि कालिंदी पळी हातात धरून थबकली.

मीठ.

मीठ लोकमान्य नगरात, ओट्यावर,
निळ्या झाकणाच्या डब्यात.

पिशवी तुम्ही भरलीत.
यादी तू केलीस.
बत्तीस वर्षं चाललेलं नाटक,
संवाद तेच, प्रेक्षक मात्र वाढत गेलेले.
मग जा दोघं, ऋजुता म्हणाली, आणा कुठून तरी.
तिच्या आईचाच आवाज, हुबेहूब.

निघालो.
सागाची वाळकी पानं पायाखाली
पापडासारखी मोडत होती.
एल.टी.सी.वर आम्ही द्वारका केली, पुरी केली, उटीसुद्धा,
पण कायम गाठोड्यासकट:
माझी आई, तिची आत्या, वॉटरबॅगा, उलटीच्या गोळ्या,
आणि फोटोत ती एका टोकाला, मी दुसऱ्या,
मधे अख्खं खानदान.
दोघंच असे शेवटचे कधी चाललो गं?
तुमच्या अँजिओग्राफीला, ती म्हणाली.
ते कसलं चालणं? मी स्ट्रेचरवर होतो.
मी चालत होते ना.

यावर मी काही बोललो नाही.
एक कोतवाल पक्षी तारेवरून उडाला, परत तिथेच बसला.

टेकाडापलीकडे एक घर, दारात शेळी,
आणि गहू पाखडणारी म्हातारी.
लूण? तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
दोई जणा लूण लेने आया? इंदौर से?
आणि अशी हसली की शेळीसुद्धा वळून बघू लागली.
पळसाच्या पानात मूठभर खडेमीठ,
वर दोन जामफळं.
मी खिशात हात घातला तर ओरडली,
लूण का कंई पइसा!

परतताना ओढ्यातल्या दगडावरून
कालिंदी आधी पलीकडे गेली,
मागे वळली नाही, नुसता हात मागे केला.
माझ्या गुडघ्याला तिची ती सवय ठाऊक आहे.
मग आम्ही बसलो. जरा वेळ. चपला काढून.
जामफळ तिनं दातांनी फोडलं, अर्धं मला दिलं,
मीठ लावून.
पाणी इतकं गार की पाय आपले वाटेनात.
तिनं सांगितलं, लग्नाआधी तिला पोहता येत होतं.
महेश्वरला, मामाकडे, थेट समोरच्या वाळूपर्यंत.
बत्तीस वर्षं, आणि मला हे माहीत नव्हतं.
मी विचारलं नव्हतं, असंही म्हणता येईल.
दुसरं जामफळ कधी संपलं कळलं नाही.

पोचलो तर पंगत उठत आलेली.
डाळीत लवंगेची शेव चुरून
सगळे हात तुपात बुडालेले,
मीठ कशाला हवंय आता, साडू ढेकर देत म्हणाले.
बरंच झालं. पानात उरलं होतं ते
एका चिमटीतही आलं नसतं.
मिळालंच नाही, मी सांगितलं.
कालिंदीनं मान डोलावली, अगदी गंभीरपणे.

नात मात्र जवळ येऊन बघत राहिली.
आजोबा, तुमच्या मिशीला काहीतरी पांढरं लागलंय.
म्हातारा झालो बेटा, मी म्हटलं.
तिनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं,
आजीकडे पाहिलं,
आणि सगळ्या गाडीत, घाट चढेपर्यंत,
एक शब्द बोलली नाही.