साडेतीन घरं

लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या,
हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या.
छातीवर सहा वाट्या, जेलनं गार.
जोमा कान्या मढवी, वय एकाहत्तर, घणसोली गाव.
म्हणतात, "बरफ लावतंस का गो? मी काय म्हावरा हाय?"

हसू नका काका, रेघ हलते.

गुलाबी चौकटींवर बारा रेघा निघतात.
वर मशीनचा शेरा: नॉर्मल.
मशीनला आधी उंच सुळके दिसतात.
मी बघते सुळक्याआधीची बुटकी टेकडी,
पी नावाची.
वरच्या कप्प्यांची हाक ती.

शाळेत कप्पे पाठ केलेले,
वरचे अलिंद, खालचे निलय.
कैक वर्षांनी कोशात सापडलं:
अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी,
निलय म्हणजे घर.
आमच्या सेक्टरात निलय नावाच्या बिल्डिंगी चार.
अलिंद एकही नाही.
ओसरीला कोण विचारतं?

टेकडी तीन बारक्या घरांत मावायला हवी.
काकांची साडेतीन भरते.
माथ्यावर खाच,
हाक उजवीकडून निघाली
आणि डावीकडे पोचता पोचता
मध्येच दम खाल्ला तिनं.
व्ही-वनमध्ये शेपूट रेघेखाली गेलेलं,
पुरतं एक घर खोल.
मोजते. भिंग काढून परत मोजते.

निदान करणं माझं काम नाही.
पेन्सिलीनं टिंब देते, इतकं फिकं
की डॉक्टर तिरोडकरांना वाटावं
आपल्यालाच दिसलं.

हा कागद उष्णतेनं लिहितो
आणि वर्षं गेली की विसरतो.
बाबांची पट्टी मला रेशनकार्डाच्या पिशवीत मिळाली,
जवळजवळ कोरी.
खिडकीशी तिरकी धरली तेव्हा
दिसली, अशीच खाच.
तारीख: उजवा हात जाण्याच्या चार वर्षं आधीची.
शेरा तिच्यावरही नॉर्मल.
त्या महिन्यात मी दहावीच्या वहीत
अलिंद निळा रंगवत होते,
बाहेर रंग जाऊ नये म्हणून जीभ चावून.

डॉक्टर सांगतात,
आज ताल नीट आहे.
पुढेमागे ओसरीत कल्लोळ माजू शकतो.
टेकड्या पुसल्या जातील, नुसती थरथर उरेल,
रक्त कोपऱ्यात साकळेल,
एखादी गुठळी सुटून मेंदूकडे जाईल.
होईलच असं नाही.
शक्यता म्हणतोय मी.

शक्यता हा शब्द काका
तळहातावर घेऊन बघतात.
तरुणपणी ते मिठागरावर उघाडी सांभाळायचे,
आता तिथं काचेची ऑफिसं आहेत.
"बांदाला खेकरं बिलं पारतान," ते म्हणतात.
"भायेरशी बांद साबूत.
उधान आला का तवरशीच खांड परते.
पन्नास बिलांतला येकादाच फुटं.
कनचा, त्या कोनाला म्हाईत?
म्हंगून पन्नासय बुजवाची."

डॉक्टर काही बोलत नाहीत.
टिंबावरून बोट फिरवतात,
माझ्याकडे एकदा बघतात,
आणि चोवीस तासांचं यंत्र लिहून देतात.

मी ते काकांच्या कमरेला बांधते.
पाणी लागू द्यायचं नाही.
"मंग उद्याचा र्‍हायला," ते कुरकुरतात.
"भांगाचा पानी व्हता, निवट्या पकराला जाचा व्हता."
परवा जा.
"परवा निवट्या थांबतान का माझेसाठी?"
सदऱ्याची बटणं लावत जिना उतरतात,
एक हात यंत्रावर,
कुणाचं तरी तान्हं पोर सांभाळायला दिल्यासारखा.

वाट्या स्पिरिटनं पुसते.
पुढचा नंबर हाका मारून थकलेला.
थांबा म्हणते त्याला, दोन मिनिटं.
खाली झेरॉक्सवाल्याकडे जाते,
काकांची पट्टी काचेवर पालथी ठेवते.
दोन प्रती, दादा.
जरा गडद काढा.