ठराव क्रमांक चार

अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.
डिसेंबर एकाहत्तर, भैरोबाचं देऊळ,
कंदिलाच्या काचेला काळा कागद.
कोरेगावला एसटी सोडून तीन मैल चालत आलेल्या
यादोगोपाळ पेठेतल्या कालिंदीबाई,
चपलेचा अंगठा तुटलेला, पिशवीत मसुदा:
लढाई थांबवावी, अशी आम्हां माता-भगिनींची मागणी.

मी लिहिलं.

फुलवंताकाकू म्हणाल्या, 'थांबवावी' खोड.
त्यांचे दोघे तिकडे,
एक जेसोरच्या अंगाला, एकाचा पत्ता नुसते आकडे.
'प्वारं खंदकात, आन् म्या हितनं थांबा म्हनू?
त्येंच्या हातातलं बळ जाईल, बाई.'

मी खोडलं.
'लवकर संपावी' लिवा, मागून कुणीतरी.
'कुणी जिंकून?' कालिंदीबाईंनी विचारलं
आणि देवळात इतकी शांतता झाली
की मैना निकमच्या सुया ऐकू आल्या.

मैना सभेतही विणत होती.
तालुक्याहून आलेली खाकी लोकर,
घरटी एक पौंड, संक्रांतीच्या आत स्वेटर.
ही लोकरसुद्धा लढाईच आहे, मैनाबाई,
कालिंदीबाई हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या.
मैनानं टाके मोजून पुरे केले, मग मान वर केली.
'थंडीला कळतं व्हय, लढाई कुनाची त्ये?'
त्यानंतर निम्म्या बाया तिच्याकडे सरकल्या,
आणि निम्म्या कालिंदीबाईंकडे,
असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर
बऱ्याचजणी दाराकडे बघत होत्या.

दाराबाहेर पारावर पेन्शनीतले सुभेदार
सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते:
मनीआर्डर चालती, क्यांटीनची साखर चालती,
लढाई तेवढी नको!
कुणाच्या तरी पोरानं पत्र्यावर खडा मारला.

जैनबी मुलाणी खांबाला टेकून होती.
तिचा नवरा फौजेत ट्रक चालवायचा,
त्याचं कार्ड आलं की मीच वाचून दाखवायची.
'तुमी सही केली तर म्हनतील, बाया भित्र्या.
म्या केली तर काय म्हनतील?'
उत्तराला ती थांबली नाही.
तिच्या वाटणीचे गूळ-शेंगदाणे
कागदावर तसेच राहिले.
रॉकेल संपत आलं तेव्हा ते कुणीतरी खाल्ले.

आता सगुणा कांबळेचं.
सगुणा पायरीवर होती. आत नव्हती.
तिचाही दीर त्याच गाडीनं गेलेला,
सातारा रोड स्टेशनवर त्याच बँडबाजात.
ती म्हणाली:
'शांतता म्हंजी लढाईच्या आदी व्हती, तीच का?
ती आमाला नगं.'
कालिंदीबाई म्हणाल्या, हा विषय वेगळा,
पुढच्या सभेत घेऊ.
मी बोरू नव्हे, पेन धरून बसले होते,
शाई होती, पान होतं.
लिहिलं नाही.

सात सह्या, चार अंगठे.
त्यातला एक अंगठा दुसऱ्या दिवशी सासऱ्याबरोबर येऊन
पुसता येतो का विचारून गेला.
पाकीट टपालात पडायच्या आत लढाई संपली,
गुलाल उधळला, सुभेदारांनी पेढे वाटले,
मैनाचा स्वेटर एका बाहीचाच राहिला.
कालिंदीबाईंचं पत्र आलं, ठरावाची प्रत पाठवा.
मी पाठवली नाही. काय पाठवणार होते?

माघात फुलवंताकाकू आल्या.
धाकटा परतला होता.
थोरल्याची काळी ट्रंक आली होती.
उंबऱ्यावर बसून म्हणाल्या,
त्यो खोडल्याला शबुद हाय का अजून?
मी वही आणली, पान उजेडाला धरलं.
काकूंना अक्षरओळख नव्हती.
बोट कुठं ठेवायचं, मी दाखवलं.
'वाचता येतो का?'
येतो, म्हणाले.
त्या बोट तिथंच ठेवून बसल्या,
चहा गार होईपर्यंत.

सगुणेचं विचारायला कुणी आलं नाही.
तिचं मला खोडावंही लागलं नव्हतं.