एका चुलीवर जेवणारे

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर व्याख्या आहे:
कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे
आणि वर्षातले सहा महिने तिथेच झोपणारे.
ती पाठ करून मी हर्णैला आले,
कळमनुरीहून, अकरा महिन्यांच्या करारावर.
टॅब्लेटसोबत रेनकोट मिळाला,
त्याचे पैसे पहिल्याच पगारातून कापले.

यादीत आठ घरं.
संगणकाने काढलेली,
भिशीची चिठ्ठी निघावी तशी.

तिसरं घर रुकय्या परकारांचं.
सहा खोल्या, पाचांना कुलूप.
दोहाहून येणारी रक्कम त्यांनी खालच्या आवाजात सांगितली,
मग म्हणाल्या, एकटीपुरतं कालवण
मला अजून जमत नाही बघा, उरतंच.
हे कुठं लिहाल?
रकाना नव्हता. मी चहा घेतला.

पाचवं कृष्णी पावसेचं.
गेल्या सात दिवसांत मासे किती खाल्ले?
ती कोयतीवरचे खवले पुसत हसली.
पापलेट आमी बघायचा नि इकायचा.
मग घरात काय?
लिलावातून उरलेली मांदेली, फुटके बोंबील.
ता काय खाणा झाला? ता तर असतंच.

पण असतंच यालाही बाजारभाव लावायचा असतो.
मी लावला. यंत्राने बेरीज केली,
आणि कृष्णी,
जिच्या छपरावर मागच्या वादळापासून ताडपत्री आहे,
माझ्या आईच्या बऱ्याच वर जाऊन बसली.

आई वसमतला हळदीच्या कढईपाशी उभी असते.
अडीचशे रुपये रोज, त्यातले चाळीस टमटमला.
फोनवर विचारते, तिकडं मासळी फुकट भेटते म्हणं?
मी म्हणते, भेटते.
तिला वाटतं, लेक श्रीमंत जिल्ह्यात गेली.
कृष्णीला वाटतं, हिंगोलीत प्रत्येकाला चार एकर.
दर्याचा काय सातबारा असतो? ती मला विचारते,
जणू हिंगोलीचे सगळे सातबारे
माझ्या पिशवीत आहेत.

संध्याकाळी होड्या लागल्या.
एकीच्या फळ्यांवर स्टोव्ह पेटलेला.
अकरा जण, एक टोप,
भात आणि टोमॅटो घालून शिजवलेलं म्हाकूल.
एका चुलीवर जेवणारे.
मी सवयीने टॅब्लेट उघडला.

एतवा केरकेट्टा. गाव सिमडेग्याच्याही पलीकडे.
ऑगस्ट ते मे याच फळ्यांवर झोपतो.
सहा महिने केव्हाच भरलेत.
पण होडीला घर क्रमांक नसतो,
त्यामुळे ती यादीत नसते.
पर्यवेक्षकांना फोन लावला.
सोडा हो मॅडम, त्यांची नोंद त्यांच्या गावी होते.
एतवा म्हणाला, गावी आला होता एक जण.
बायकोला म्हणाला, नवरा इथं राहत नाही ना?
आणि खोडलं.

म्हणजे हे अकरा जण
रत्नागिरीची सरासरी खाली ओढत नाहीत,
सिमडेग्याची वर नेत नाहीत.
जाळं तेवढं ओढतात.

त्याने ताटली पुढे केली.
मार्गदर्शक सूचना क्रमांक एकोणीस:
उत्तरदात्याकडून काही स्वीकारू नये.
पण तो उत्तरदाता कुठं होता?
मी खाल्लं. भाताला डिझेलचा वास होता,
आणि मीठ जरा जास्त.

रात्री खोलीवर रेंज येईना.
आठ घरं माझ्या उशाशी अडकून पडलेली.
तेव्हा मी मलाच व्याख्या लावून पाहिली.
चूल नाही, खाणावळीचा डबा.
झोपते इथं, पण करार संपला की ही गादी दुसऱ्या कुणाची.

आणि तिकडे आईच्या दारात
माझ्यासारखीच एखादी,
कदाचित दापोलीचीच, अशाच रेनकोटातली,
यादीवर बोट ठेवून विचारत असेल,
ही लेक? जेवायला असते का घरी?

आई बहुतेक म्हणाली असेल,
बस ना बाई, येईलच एवढ्यात.