उरलेला वॉशर

होंड्याच्या आयटीआयत, रेफ्रिजरेशनच्या वर्गात
शाबा माजिक शेवटच्या बाकावर बसतो.
बसतो म्हणजे काय, पंख्याचं बेअरिंग ऐकतो.
एका मंगळवारी म्हणाला, "सर, हो आठ दीस काडटलो."
पुढच्या मंगळवारी पंखा थांबला.

तोच शाबा
कळंगुटच्या हॉटेलातलं ट्रेनिंग संपवून आला,
सोबत सर्व्हिस रिपोर्टची वही.
इंग्रजीत, कारण हॉटेल इंग्रजीत,
परीक्षा इंग्रजीत. बिघाड कुठल्या भाषेत होता
हे कुणी विचारलं नाही.

पान तीन. मासळीचा कूलर.
'मशीन इज क्रायिंग सिन्स मॉर्निंग.'
मॅनेजरने म्हणे फोटो काढून फिरवला,
किचनपासून रिसेप्शनपर्यंत सगळे हसले.
शाबाही हसला. न हसून करतो काय,
हजेरी त्यांच्या सहीवर.

पानभर खाडाखोड.
एक 'द' लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला,
शेवटी समासात एकटाच.
हा इथे कशाला रे?
"उरलो, सर.
पंप जोडून जाल्यार एक वॉशर उरता न्ही, तसो.
उडोवंक भंय दिसता.
उरलो म्हणजे खंय तरी गळटलें."

घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा;
जत्रेच्या नाटकात दोन अंकांची भाषणं
हा पोरगा प्रॉम्प्टरशिवाय म्हणतो.
पाचवीत इंग्रजी आलं,
गॅरेजात परदेशी इंजिन यावं तसं,
मॅन्युअल वाटेत हरवलेलं.

आणि मी तरी कोण?
वडील गेले तेव्हा रजेचा अर्ज
जुन्या फाइलीतून उतरवला होता.
'आय बेग टु स्टेट...'
बाप माझा गेला होता,
भीक कसली मागत होतो, अजून कळलेलं नाही.

तरी लाल पेन उघडलं.
'क्रायिंग'वर रेघ मारली, वर लिहिलं,
'ॲबनॉर्मल नॉइज फ्रॉम कम्प्रेसर.'
शाबाने ओठ हलवत वाचलं,
एकेका अक्षरावर बोट ठेवत. मग म्हणाला,
"पूण सर, नॉइज न्हय तो.
नॉइज मोठो आसता.
हें बारीक. तोंड धांपून रडटात न्ही, तशें.
ऑइल सोंपलां."

मी कळंगुटला फोन लावला.
कूलर शनिवारीच बंद पडला होता.
दीडशे किलो इसवण कुसलं.
ऑइल? हो, ऑइलच.
तुमच्या पोराने लिहायला नको होतं का, म्हणाला मॅनेजर.

मी अर्धा मार्क कापला.
नियमच तसा आहे.
रात्री जेवणं झाल्यावर
आमच्या फ्रिजपाशी बराच वेळ उभा होतो,
कान लावून.
बायको म्हणाली, काय झालं?
मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.